देवाचा शीण, माणसांचा शीण

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
यांस,

आषाढी एकादशीच्या पहाटे आपण पंढरपूरच्या गाभाऱ्यात शासकीय महापूजेला उभे असता. शेजारी दर्शनरांगेतून आलेले मानाचे वारकरी जोडपे असते. त्यांचा सत्कार होतो, एसटीचा वर्षभराचा मोफत पास मिळतो आणि पाऊसपाण्यासाठी विठ्ठलाला साकडे घातल्याची बातमी सकाळी सगळीकडे येते. आपण कोण, कोणत्या पक्षाचे, याच्याशी या पत्राचा संबंध नाही. त्या पहाटे राज्याच्या वतीने जो कोणी तिथे उभा असेल, त्याला हे पत्र आहे. पूजा बंद करा असे सांगायला मी लिहीत नाही, माझ्या गळ्यात माळ आहे. मला बोलायचे आहे ते दुसऱ्याच एका पूजेविषयी. ती होते तोवर मंत्री, अधिकारी आणि कॅमेरे आपापल्या गावी पोचलेले असतात. तिचे नाव प्रक्षाळपूजा.

आपणास ठाऊक असेलच, तरी वाचणाऱ्यांसाठी सांगतो. यात्रेच्या आधी काही दिवस देवाचा पलंग काढतात. शेजघरातला पलंग हलला, की देवाची झोप बंद. शेजारती नाही, दार लागत नाही, रात्रंदिवस दर्शन चालू. उभे राहून पाठीला रग लागेल म्हणून विठ्ठलाच्या मागे मऊ लोड देतात, रुक्मिणीमातेला तक्क्या देतात. यात्रा सरली, की दिवस पाहून प्रक्षाळपूजा होते. मंदिर धुऊन काढतात. देवाला लिंबू-साखर चोळून गरम पाण्याने न्हाऊ घालतात, नवा पोशाख करतात, काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग पलंग पुन्हा जागेवर येतो. इतके दिवस लेकरांसाठी ताटकळत उभ्या राहिलेल्या देवाचा शीण उतरावा, एवढाच या सगळ्याचा हेतू.

उभे राहून देवाचेही पाय दुखत असतील, हे ज्याला पहिल्यांदा सुचले त्याच्याविषयी मला नेहमी कुतूहल वाटते. पोथ्या वाचून असे काही सुचत नाही. तो माणूस स्वतः कुठेतरी दिवस दिवस उभा राहिलेला असणार. कुणाच्या तरी दारात, शेतात, भट्टीपाशी, पहाऱ्यावर. घरी आल्यावर कुणीतरी त्याच्या पायावर गरम पाणी ओतले असणार. तेच त्याने देवासाठी केले. आपल्या भक्तीचा सगळा जिव्हाळा मला या एका विधीत सापडतो.

आता मुद्द्यावर येतो. ज्या दिवसांत देवाचा पलंग निघतो, त्याच दिवसांत त्याच गावात आणखी काही माणसांचाही पलंग निघालेला असतो. त्यांचा परत जागेवर कधी येतो, याची नोंद कोणत्याही पंचांगात नाही.

पंढरपूर जेमतेम लाखाच्या वस्तीचे गाव. आषाढीला त्याच्या कितीतरी पट माणूस तिथे उतरतो. प्रदक्षिणामार्ग, महाद्वार घाट, चंद्रभागेचे वाळवंट, पलीकडचे ६५ एकर, गोपाळपूर रस्त्यावरच्या पत्राशेडपर्यंत गेलेली दर्शनबारी, गल्लीबोळांतले मठ आणि धर्मशाळा, सगळीकडे माणूस. माणूस आला की त्याचे जेवण आले, आंघोळ आली, आणि ज्याविषयी कीर्तनात कुणी बोलत नाही तेही आले. पत्रावळी, केळीच्या साली, चहाचे कप, बुक्क्याच्या पुड्या, तुळशीचे निर्माल्य, चिखलात रुतलेल्या चपला, नदीत सोडलेली लुगडी-धोतरे. आषाढाचा पाऊस वरून पडतच असतो, त्यामुळे हा कचरा कोरडा नसतो, त्याचा लगदा होतो. तो खराट्याने निघत नाही. फावड्याने खरवडून घमेल्यात भरावा लागतो. घंटागाडी गर्दीत शिरत नाही, म्हणून घमेले डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत जावे लागते, तेही टाळ-मृदंग घेऊन नाचणाऱ्या दिंड्यांमधून वाट काढत. पहाटेची पाळी, दुपारची पाळी, रात्रीची पाळी. स्थानिक कामगार पुरत नाहीत म्हणून बाहेरून माणसे आणतात, ठेकेदार आपली आणतो. त्यांची झोपायची सोय कुठे होते? शाळेच्या ओट्यावर, ट्रकखाली, जमेल तिथे.

एकादशी झाली, द्वादशीला उपास सुटले, पौर्णिमेला गोपाळपूरला काला झाला, पालख्या परतीला लागल्या. वारकऱ्यांची वारी पूर्ण झाली. झाडणाऱ्याची वारी इथून सुरू होते, कारण खरी घाण गाव रिकामे झाल्यावर दिसते. मेटाडोरभर पावडर मारली तरी तो वास आठवडाभर जात नाही. पुढे देवळात प्रक्षाळपूजेचे पाणी तापते, तेव्हाही वाळवंटात फावडी चाललेलीच असतात.

हे सगळे आजचे नाही आणि सरकारला ठाऊक नाही असेही नाही. गेल्या दशकात वारीच्या काळात पंढरपुरात हाताने मैला उचलावा लागतो, या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालली. पुरेशी शौचालये नाहीत, माणसे उघड्यावर बसतात आणि ती घाण माणसांच्याच हातांनी काढली जाते, असे ते गाऱ्हाणे होते. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा अधिक कडक २०१३ चा. म्हणजे दोन कायदे पुस्तकात असताना, लाखो लोक ज्याला समतेचा सोहळा म्हणतात त्या सोहळ्यामागून हे काम होत होते. न्यायालयाने शौचालये वाढवायला लावली, वाळवंटातल्या राहुट्या-मंडपांवर निर्बंध आणले, मुक्कामासाठी पर्यायी जागा पुढे आल्या. वारकऱ्यांपैकी काहीजण तेव्हा रागावले होते, परंपरेत हात घातला म्हणून. मला तो राग कळतो, वाळवंटातले कीर्तन मीही ऐकलेले आहे. पण मैला हाताने उचलायला लावणे ही कुणाची परंपरा, हे त्या रागावलेल्यांपैकी कुणी सांगितले नाही. त्यानंतर फिरती शौचालये आली, पालखीमार्गावर निर्मल वारी सुरू झाली, फरक पडला. हे श्रेय शासनाचे, स्वयंसेवकांचे आणि न्यायालयात गेलेल्यांचे आहे, ते मी मान्य करतो. पण शौचालय ठेवले, की ते धुणारा माणूस लागतो. त्याच्याविषयी हे पत्र आहे.

अशा वेळी आपल्याकडे हमखास एक उपाय सुचतो : सत्कार. सफाई कामगारांना बोलवा, शाल-श्रीफळ द्या, पाय धुवा, फोटो काढा. गेल्या वर्षी माझ्या एका स्नेह्याने सुचवले, की मानाच्या वारकऱ्याच्या जागी एखाद्या सफाई कामगार जोडप्याला महापूजेला बसवावे, आणि मी तशी मागणी करावी. मला ते पटले नाही. रांगेचा मान रांगेत उभ्या राहिलेल्याचाच असावा. त्या मानाची गंमतच ही आहे, की तो कुणाच्या शिफारशीने मिळत नाही. शिवाय वर्षातून एकदा गाभाऱ्यात नेलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्या दिवशी तेच फुटके घमेले असेल, तर त्या पूजेने त्याचे काय झाले?

याबाबतीत आपल्या संतांनी सांगून ठेवलेल्या गोष्टी फार नेमक्या आहेत. लहानपणापासून ऐकून ऐकून आपले कान बोथट झालेत. त्या गोष्टींत देव काय करतो ते पाहा. गंगाखेडची जनी नामदेवांच्या घरी राबायची. देव तिच्याबरोबर जात्याला बसतो, शेणी वेचायला जातो. ते जाते म्हणून आजही गोपाळपूरला दाखवतात. सावता माळ्याच्या मळ्यात देव खुरपायला लागतो. चोखोबांबरोबर मेलेली ढोरे ओढतो. सेना न्हाव्याला राजवाड्यात जायला उशीर होतो, तर देव त्याची धोकटी काखेला मारून राजाची हजामत करून येतो. कबीराबरोबर विणतो, रोहिदासाबरोबर कातडे रंगवतो. या सगळ्या कथांत देवाने कुणाला शाल दिल्याची कथा नाही. भक्ताच्या कामाचे त्याने गुणगानही केलेले नाही. तो येतो आणि कामाचे दुसरे टोक धरतो. जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लागला, की दळण हलके होते, इतकी साधी ती गोष्ट आहे. सरकारने विठ्ठलाची पूजा करावी की नाही यावर वाद होऊ शकतो. विठ्ठलाचे हे वागणे सरकारने उचलावे, यावर वाद व्हायचे कारण नाही.

सावतोबांचे तर मला विशेष वाटते. माढा तालुक्यातले अरण हे त्यांचे गाव, तिथून पंढरपूर काही लांब नाही. तरी ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, अशी परंपरा आहे. उलट देवाचीच पालखी आजही अरणला त्यांच्या भेटीला जाते. हातातले काम टाकून देवाकडे धावत सुटावे, असे या परंपरेने कधी मागितले नाही. काम करणाऱ्याकडे देवाने जायचे असते. मंदिरसमितीच्या आणि शासनाच्या बैठकांत या एका प्रथेचा विचार झाला, तरी बराच प्रश्न सुटेल.

पण इथे एक धोका आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘कोणतेही काम हलके नसते’ हे वाक्य आपण फार सहज म्हणतो, आणि बहुधा ते काम ज्याला करावे लागत नाही तोच म्हणतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ च्या त्यांच्या ग्रंथात गांधीजींच्या विचारावर नेमके याच ठिकाणी बोट ठेवले होते. भंग्याच्या कामाचा गौरव करून त्याला त्याच कामात समाधानी राहायला सांगणे ही त्याची क्रूर चेष्टा आहे, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप आजही उभा आहे. बागायती, सुतारकी, विणकाम यांत हात घडतो, काही निर्माण होते, माणूस त्यात रमू शकतो. गटारात उतरण्यात काय घडते? तिथे प्रतिष्ठा शोधायची नसते, तिथे यंत्र उतरवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरणाऱ्याच्या वारसांना २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवून दिली. रक्कम तिप्पट झाली, म्हणजे मरणे थांबलेले नाही, एवढेच त्यातून दिसते.

चोखोबांकडे पाहा. आपण त्यांना भक्तीचे शिखर मानतो, महाद्वारासमोर त्यांच्या समाधीला हात लावून कपाळाला लावतो. ते गेले कसे? मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर वेठीला धरले होते, कूस कोसळले आणि मजुरांबरोबर तेही गाडले गेले. आजच्या भाषेत तो कामावरचा अपघाती मृत्यू होता. नामदेवराय गेले, त्यांनी अस्थी शोधून आणल्या आणि देवाच्या दारात समाधी बांधली. त्या काळी भरपाई द्यायला कुणी नव्हते, नामदेवांनी आपल्या परीने दिली. चोखोबांची श्रद्धा खरी होती यात शंका नाही. पण खरी श्रद्धा म्हणजे निमूटपणा, हे कुणी त्यांच्या नावावर खपवू नये. त्यांनी, सोयराबाईंनी आणि विशेषतः त्यांचा मुलगा कर्ममेळा याने देवालाच जाब विचारलेला आहे. आणि ज्या देवळाच्या दारात त्यांची समाधी, ते देऊळ त्यांच्या जातीच्या माणसांना उघडायला १९४७ साल उजाडले, तेही साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात प्राण पणाला लावून उपोषण केल्यावर. सहाशे वर्षे समाधीला नमस्कार चालू होता आणि दार बंद होते. नमस्कार आणि न्याय यांत आपल्याकडे किती अंतर पडू शकते, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

दुसरे नाव गाडगेबाबांचे. त्यांच्या नावाने शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, चांगले केले. पण त्या अभियानाच्या फलकांवर बाबांचा खराटा तेवढा राहिला, बाकीचे बाबा राहिले बाजूला. परीट घरात जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी रस्ते झाडायचा, मग कीर्तन करायचा. पंढरपूरला आयुष्यभर येत राहिला. गर्दीत झाडत राहिला, देवळात मात्र गेला नाही, असे त्यांच्या चरित्रांत येते. हा खराटा त्यांनी स्वतः होऊन हातात घेतला होता, आणि हवा तेव्हा खाली ठेवायची मुभा त्यांना होती. ज्यांना ती मुभा नव्हती, त्यांना ते काय सांगत? जेवणाचे ताट विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला. पंढरपुरात उभी केलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. झाडण्याला त्यांनी सेवा मानले आणि झाडणाऱ्याच्या पोरांच्या हातातून खराटा सुटावा म्हणून वास्तू दिली. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या. आपल्याला पहिलीच सोयीची वाटते.

मी वारीत चालतो तेव्हा मुक्कामाच्या गावी पहाटे पालखी हलल्यावर जरा रेंगाळतो. गुडघे कुरकुरतात, हे एक कारण. अशाच एका गावात, नाव सांगत नाही, साठीच्या पुढच्या एक बाई तळावरच्या पत्रावळी गोळा करत होत्या. हातात मोजे नव्हते, प्लास्टिकच्या पिशव्या मनगटाला बांधलेल्या होत्या. मी विचारले, “मावशी, मोजे नाही दिले का?” म्हणाल्या, “दिले होते की. पुरुषाच्या मापाचे. गळून पडतात.” पगाराचे विचारले तर दोन महिन्यांचा थकला होता. ठेकेदार म्हणतो बिल निघाले नाही, ऑफिसात म्हणतात ठेकेदाराला विचारा. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, मला मात्र ती असायला हवी होती. पंढरपूरला कधी गेला होता, विचारले. म्हणाल्या, “गेलते तर. तीन वर्सं वारीत कामालाच हुते. दर्शनाला कुटं हुबं ऱ्हायाचं? पहाटं कळस बघितला, हात जोडलं, खाली वाकलं, झाडाया लागलं. त्येला म्हाईत हाय मी आलती.”

या शेवटच्या वाक्यापाशी मी बराच थांबलो आहे. दर्शनबारीत वीस-वीस तास उभे राहून क्षणभर पायावर डोके ठेवणाऱ्याची श्रद्धा मोठीच, पण तिला निदान पायाचा स्पर्श मिळतो. या बाईंची श्रद्धा कसलाही पुरावा मागत नाही. कळसदर्शनाने वारी पुरी होते, असे वारकरी मानतात. त्या आधाराने त्या आपले काम आणि आपला देव दोन्ही सांभाळून आहेत. ही श्रद्धा त्यांना ताठ उभे करते, हे मी पाहिले. कामाकडे बघायची त्यांची रीतही तशीच होती. तळाच्या कोपऱ्यात, जिथे मुकादम बघणार नव्हता, तिथलेही त्यांनी सगळे उचलले. अशा माणसाला प्रतिष्ठा द्यायची गरज नसते, ती तिच्याजवळ असते. आपण फक्त ती रोज थोडीथोडी हिसकावून घेतो, थकलेल्या पगाराने आणि पुरुषी मापाच्या मोज्यांनी. ते थांबवले तरी पुरे.

आणि ते थांबवणे सरकारच्या हातात आहे. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने द्यायची, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने केली. मूळ मालक म्हणजे त्या त्या ठिकाणची नगरपरिषद, ग्रामपंचायत, संस्था. तरी मावशींना या खिडकीतून त्या खिडकीत पाठवले जाते. वर्षानुवर्षे कायम स्वरूपाचे काम करणाऱ्याला कंत्राटी म्हणायचे आणि त्याने न्यायालयात जायचे, हे आपल्या महानगरांनाही चुकलेले नाही. मुंबईतल्या २,७०० सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले, निकाल लागला २०१७ मध्ये. झाडणारा माणूस एवढी वर्षे वकील कसा परवडवतो? संघटना होती म्हणून परवडला. पालखीमार्गावरच्या मावशींना संघटना नाही.

लाड-पागे समितीच्या शिफारशींविषयीही एक शब्द. सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी, ही त्यातली तरतूद अनेक घरांना तारून गेली आहे, ती काढा असे कुणी म्हणणार नाही. पण वारसाला नोकरी कुठली, तर बहुधा तीच. बाप गेला की पोराच्या हातात खराटा, मग ते पोर पदवीधर का असेना. शासनाला मनापासून काही करायचे असेल तर शिकलेल्या वारसाला त्याच्या शिक्षणाला साजेशा पदावर घेण्याचा रस्ता मोठा करावा. त्या नावातले पागे म्हणजे वि. स. पागे, रोजगार हमी योजनेचे जनक आणि संतवाङ्मयात मुरलेले गृहस्थ. श्रम मागणाऱ्याला काम देणे हे राज्याचे कर्तव्य, ही कल्पना महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायद्यात आणली तेव्हा देशात कुणी ती गंभीरपणे घेतलेली नव्हती. भक्ती आणि कायदा यांची गाठ आपल्या राज्यात याआधी पडलेली आहे. मी काही नवीन मागत नाही.

मागतो ते इतकेच. पुढच्या आषाढीला आपण महापूजा कराल, साकडे घालाल. त्याच दिवशी एक आदेश काढा. वारीच्या काळात पंढरपुरात आणि दोन्ही पालखीमार्गांवरच्या मुक्कामांच्या गावांत झाडलोटीवर, शौचालयांवर, घंटागाडीवर राबलेल्या प्रत्येकाची, कायम असो की ठेक्याची, मजुरी प्रक्षाळपूजेच्या आत त्याच्या खात्यात जमा झाली पाहिजे. ठेकेदाराने टाळले तर संबंधित संस्थेने भरावी आणि बिलातून कापावी. प्रक्षाळपूजेचा दिवस पंढरपूरच्या सफाई कामगारांना पाळीपाळीने का होईना, भरपगारी सुटीचा असावा. त्या दिवशी त्यांची डॉक्टरांकडून तपासणी व्हावी, पाय, पाठ, श्वास, त्वचा. आणि औषध हातात मिळावे, चिठ्ठी नको. कामावर येतानाच बायकांच्या मापाचे मोजे आणि गमबूट मिळावेत. वारीत बाहेरून आलेल्यांना झोपायला छत आणि आंघोळीला पाणी असावे. वारकऱ्यांसाठी एवढे तंबू उभे राहतात, त्यात आणखी चार.

आणि प्रक्षाळपूजेच्या संध्याकाळी, गर्दी ओसरलेली असते तेव्हा, मंदिरसमितीने या लोकांसाठी घटकाभर दर्शन राखून ठेवावे. भाषण नको, शाल नको, बातमीदार नकोत. इतरांसारखे आत यावे, पायावर डोके ठेवावे, घरी जावे. सावतोबांसाठी देव अरणला जातो, तर यांच्यासाठी दार घटकाभर उघडे ठेवणे समितीला जड जाऊ नये.

खर्चाचा प्रश्न निघेल. यात्रा-अनुदान, मंदिराचे उत्पन्न, सगळे वारीवरच उभे आहे, आणि वारी ज्यांच्या हातांवर उभी आहे त्यांच्यासाठी त्यात जागा करावी लागेल. हे पत्र वाचणाऱ्या वारकऱ्यांनाही सांगणे आहे. पत्रावळ जिथे खाल्ली तिथे टाकू नका, फिरत्या शौचालयात पाणी ओतल्याशिवाय बाहेर येऊ नका, आणि तळ सोडताना झाडायला उभी असलेली बाई दिसली, तर तिचा पगार झाला का एवढे विचारा. झाला नसेल तर आपल्या दिंडीच्या चोपदारांकरवी, विणेकऱ्यांकरवी, फडप्रमुखांकरवी ती गोष्ट प्रशासनाच्या बैठकीत पोचवा. दिंडीप्रमुखांचे म्हणणे अधिकारी ऐकतात, हे आपण सगळे जाणतो.

आदेशाचा मसुदा करायला आपल्या खात्यांना आठवडाही लागू नये. आषाढीच्या आधी तो निघावा, ही विनंती.

आपला,
एक माळकरी
सोलापूर जिल्हा